रबराचं बोट आणि बाबांची खंडी

माझ्या पीएच.डी.चा शेवटचा महिना मी मच्छरदाणीत काढला. हे विनोद म्हणून सांगत नाही. तुमसरला आमच्या घरामागे राइस मिल आहे. दिवाळी झाली की ती दिवसभर चालते आणि तिचं तूस आमच्या ताटात, अंथरुणात, डोळ्यांत येतं. आम्ही जन्मापासून ते खात आलो, त्याचं कोणाला काही वाटत नाही. माझ्या बोटाला मात्र ते चालत नव्हतं. तुसाचा डोळ्यालाही न दिसणारा कण बोटावर बसला की टिक्क आवाज व्हायचा, निळी ठिणगी दिसायची आणि चार दिवसांची मेहनत संपायची.

बोट म्हणजे माझ्या हाताचं नव्हे. मी बनवलेलं. नाव मोठं आहे, डायइलेक्ट्रिक इलास्टोमर ॲक्च्युएटर, पण वस्तू साधी आहे. रबरासारख्या पॉलिमरचा एक पातळ, चिकट पापुद्रा घ्यायचा, चारी बाजूंनी ताणायचा, दोन्ही अंगांना काळं कार्बनचं ग्रीस लावायचं आणि तो प्लास्टिकच्या लवचीक पट्टीवर बसवायचा. सोडला की पट्टी बोटासारखी वळते. आता दोन्ही अंगांना साडेतीन हजार व्होल्ट द्यायचे. काळे थर एकमेकांकडे ओढले जातात, मधला पापुद्रा दबतो, दबला की पसरतो आणि वळलेलं बोट सरळ होतं. वीज काढली की पुन्हा वळतं. मोटर नाही, गिअर नाही, तेल नाही. अशी तीन बोटं एकत्र लावली की मऊ हात तयार होतो. नाजूक वस्तू न फोडता धरणारे जे मऊ रोबोट लोक बनवू पाहतात, त्यांच्यासाठी हे सगळं.

एवढं मी कितीदा सांगितलं असेल, मोजलं नाही. सांगून झालं की समोरचा माणूस इकडेतिकडे पाहून विचारायचा, "मंग रोबोट कुठी हाय?" त्यांना लोखंडाचा माणूस हवा होता. वस्तीतल्या विहाराच्या कमिटीने तर पौर्णिमेला माझा सत्कार ठरवून टाकला, रोबोट बनवला म्हणून. मी सांगायला गेले की अजून काही बनलं नाही, प्रबंध जमा व्हायचा आहे. ते म्हणाले, शाल आणून ठेवली आहे, तू तुझं चालू दे.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे सांगताना लोक मान खाली घालतात, का ते मला कळत नाही. मी घालत नाही. बाबा चौथी, आई शाळेच्या दारापर्यंत. मी एम.एस्सी. फिजिक्स, नागपूरहून. आता गावातल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जेवढे तास तेवढंच कॉलेज माझं. पीएच.डी. झाल्याशिवाय कायमच्या जागेच्या मुलाखतीला मला कोणी उभं करणार नव्हतं. त्यामुळे त्या महिन्यात एकच गोष्ट अडली होती. माझ्या मार्गदर्शक सरांची अट होती: तीन बोटांच्या हाताने एक वस्तू सलग हजार वेळा धरायची आणि सोडायची. एकदाही ठिणगी नाही. हजार झाले तर शेवटचं प्रकरण मान्य, प्रबंध जमा. महिनाअखेर विद्यापीठाची मुदत संपत होती. ती चुकली तर नोंदणी रद्द. पाच वर्षं पाण्यात.

"नऊशे चालणार नाही," सरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. "नऊशे करणारे लोक आहेत. हजाराच्या वरचा आकडा आणा."

नागपूरच्या लॅबमध्ये चाचणीचं मोठं यंत्र वापरायला दोघांचा नंबर माझ्या आधी होता, आणि मला कॉलेज सुट्टी देईना. म्हणून सरांनी व्होल्टेजचा डबा मला घरी न्यायची परवानगी दिली. चपलेच्या खोक्याएवढा, बॅटरीवर चालणारा. करंट अगदीच थोडा, हात लागला तर झटका बसेल, माणूस मरणार नाही. तरी मी घरात सगळ्यांना दम भरून ठेवला होता. लॅबमध्ये एसी असतो, दार बंद असतं, बाहेर चपला काढतात. इथे माझी लॅब म्हणजे पुढच्या खोलीतलं टेबल आणि मागे राइस मिल.

धरायची वस्तू म्हणून मी टसर रेशमाच्या किड्याचा रिकामा कोसा निवडला. आंबागडकडे आईची मावसबहीण जंगलकामाला जाते, तिने किडा निघून गेलेले चार कोसे आणून दिले. सुपारीहून मोठे, वजनाला काहीच नाहीत आणि दाबले तर चेपतात. मऊ हाताला याहून चांगली परीक्षा कोणती? आईने ते पाहिलं आणि म्हणाली,

"एवढी शिकली, आन् कोसा उचलाले मशीन पायजे? हातानं उचलता नाही येत का तुले?"

मी कोसे हातानेच उचलून टेबलावर ठेवले. आई चुकीचं काही बोलत नव्हती, याचाच राग जास्त.

पहिली खेप एकशे चाळिसाच्या आसपास फुटली. दुसरी तर चाळीसही पुरी झाली नाही. तेव्हा मी घरातली एकुलती मच्छरदाणी काढली, ओली करून पिळली आणि टेबलाभोवती बांधली. वर ओली चादर. मी स्वतः डोक्याला ओढणी गुंडाळून आत बसायची आणि ब्रशने ग्रीस लावायची. बाहेरून आई शेजारणीला सांगत होती ते मला ऐकू येत होतं, की आमच्या घरी मशीन मच्छरदाणीत झोपते आणि माणसं बाहेर मच्छर मारून राहिली. शेजारीण हसली. मी आत श्वास धरून होते, कारण श्वासाचा ओलावाही बोटाला चालत नाही.

तिसरी खेप सहाशेवर गेली. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात, बाहेर शेजारणीची सून कुटलेलं तिखट चाळत असताना, शेजारणीने आमचं दार उघडलं. तिखटाची धूळ आत आली, टिक्क झालं, बाकी सांगत नाही.

आता पापुद्र्याचा रोल संपला होता. तीन बोटांपुरता शेवटचा तुकडा उरला होता आणि नवीन मागवला असता तर यायला महिना लागला असता. मी तो तुकडा जमेल तितक्या जपून ताणला. बुधवारी सकाळी साडेदहाला चौथी आणि शेवटची खेप सुरू केली. दर दहा सेकंदांनी बोटं उघडायची, मिटायची, कोसा धरायची, सोडायची. डब्याच्या आतला चिमुकला सर्किट बोर्ड तो ठेका धरायचा. आकडा मोजायचं काम लॅपटॉपचं. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेली होती, तो लाइनवरच चालायचा. लाइन जाईल हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण ज्याच्याकडून इन्व्हर्टर उसना मिळणार होता त्याच्याच घरी लग्न निघालं.

चार-पाच वेळा बोटं उघडमिट झाली नाहीत तोच कॉलेजचा फोन. अंतर्गत परीक्षेच्या सुपरव्हिजनला माणूस कमी आहे, अकरा ते एक, यायलाच पाहिजे. मी म्हटलं, आज नाही जमणार. पलीकडून सांगण्यात आलं की तासिकेवरचे लोक असं म्हणायला लागले तर कसं व्हायचं. ह्या वाक्याचा अर्थ आम्हां तासिकेवाल्यांना नीट कळतो.

बाबा दारात खाटेवर बसून पहिल्यापासून त्या बोटांकडेच पाहत होते. त्यांना आणून टेबलासमोर स्टुलावर बसवलं.

"हात लावायचा नाही," मी सांगितलं. "फक्त पाहायचं. ठिणगी दिसली की हे लाल बटन दाबायचं. बस."

"एवढंच?"

"एवढंच, बाबा. दुसरं काही करू नका. खरंच काही करू नका."

बाबांबद्दल इथे सांगायला हवं. ते मापारी होते. आता धान वजनकाट्यावर जातं, पण त्यांच्या उमेदीत गावोगावच्या खळ्यांवर कुडोने, म्हणजे धानाच्या मापाने, मोजायचे. वीस कुडो म्हणजे एक खंडी. खळ्यावर एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला घेणारा, आणि मधे उकिडवे बसलेले बाबा, हातात कुडो. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, असं वीसपर्यंत. खंडी पुरी झाली की बाजूला एक चिंचोका. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. लाखनीकडूनही त्यांना बोलवायला यायचे, कारण त्यांच्या मापाला कोणी पुन्हा मोजायला लावलं नाही. हे ते आजही कोणी न विचारता सांगतात.

मी सव्वा वाजता परत आले. गल्लीच्या तोंडाशीच कळलं की लाइन नाही, कारण मिल बंद होती. पळत घरात गेले. लॅपटॉप काळा. मच्छरदाणीत बोटं मात्र चालू होती, उघडत होती, मिटत होती, बॅटरीवर. समोर बाबा पुटपुटत बसले होते आणि आई स्वयंपाकघरातून वैतागून म्हणत होती की बुढा तीन घंट्यांपासून बडबडून राहिला, जेवाले उठत नाही.

"लाइन कधी गेली?" मी विचारलं.

बाबांनी हात वर केला, थांब म्हणून. ओठ हलतच होते. मी काय समजायचं? आकडा गेला होता. बोटं किती वेळा हलली याचा कुठे पुरावाच नव्हता. फोन माझ्यासोबत होता, म्हणजे व्हिडिओही नाही. मी तशीच भिंतीला टेकून खाली बसले. दहाएक मिनिटं गेली असतील. टिक्क. निळी ठिणगी. बाबांनी लगेच लाल बटन दाबलं, अगदी सांगितल्यासारखं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"एकोणपन्नास खंड्या आन् वरते नऊ."

त्यांच्यापुढे स्टुलाच्या कडेला चिंचोके एका ओळीत होते. मला आधी कळलंच नाही. मग कळलं की हा माणूस सुरुवातीपासून मोजत होता. कोणी सांगितलं नव्हतं. दहा-दहा सेकंदांनी एक गोष्ट डोळ्यांपुढे होत राहिली आणि ती न मोजता नुसती पाहत बसणं त्यांना जमलं नाही.

मी मनात गुणाकार केला. एकोणपन्नास गुणिले वीस, नऊशे ऐंशी. वर नऊ. नऊशे एकोणनव्वद.

अकराने कमी.

मी काय बोलले ते लिहीत नाही. राइस मिलबद्दल बोलले, कॉलेजबद्दल बोलले, लाइनबद्दल, लग्नघरातल्या इन्व्हर्टरबद्दल. आईने ताट वाढलं ते तसंच राहिलं. बाबा चिंचोके पिशवीत भरत होते. त्यांना वाटलं असावं की मी त्यांच्यावर रागावले, आणि थोडी रागावले होतेच, का ते मलाही सांगता आलं नसतं.

तीनला लाइन आली. लॅपटॉप सुरू केला. बंद पडण्याआधीपर्यंतच्या नोंदी त्यात जपलेल्या होत्या. शेवटची नोंद: दोनशे चौऱ्याण्णव. सरांना निदान किती वेळाने लाइन गेली ते सांगता यावं म्हणून मी बाबांना पुन्हा विचारलं.

"चौदावी खंडी पुरी झाली आन् पंखा बंद पडला," ते लगेच म्हणाले. "तवाच गेली. पंधरावीचा लाभ म्हणाचा बाकी होता."

चौदा खंड्या म्हणजे दोनशे ऐंशी. यंत्र म्हणत होतं दोनशे चौऱ्याण्णव.

"बाबा, तुमचे चौदा सुटले," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी शिवीच दिली आहे.

"माह्ये सुटले?"

"यंत्राने जास्त मोजलेत. यंत्र चुकत नाही."

"मंग मीच चुकलो म्हणतेस. पस्तीस वर्सं कोणी म्हटलं नाही, आता पोरीनं म्हटलं. चांगलं झालं, शिकवलं तुले." आणि आईकडे वळून, "ऐकून राहिली का? तुही पोरगी माहं माप काढून राहिली."

आई म्हणाली, जेवा आधी दोघंही, माप नंतर काढा.

माझं डोकं मात्र त्या चौदावर अडलं. चौदा खंड्या आणि चौदाच सुटले, दर खंडीला एक. इतकं नेमकं कोणी चुकतं का? मी बाबांना म्हटलं, एक मिनिट बसा, मी टेबलावर बोट वाजवते, तुम्ही जसे सकाळी मोजत होता तसेच मोजा. ते आधी तयार होईनात. आईनेच सांगितलं, मोजा अजी, नाहीतर ही आज कोणाले जेवू देत नाही.

मी टक टक करत गेले. बाबा मोठ्याने म्हणाले, लाभ, दोन, तीन. वीसला चिंचोका ठेवला. मी पुढची टक केली. ते काहीच बोलले नाहीत, नुसती मान हलवली. मी आणखी एक टक केली.

"लाभ," ते म्हणाले.

"मधली एक कुठे गेली?"

"कोणती?"

"वीसनंतरची. मी वाजवली, तुम्ही मोजली नाही."

"थे वरतं हाय," बाबा म्हणाले, जणू मी रात्र म्हणजे काय असं विचारलं. "खंडी पुरी झाली का एक कुडो वरता टाकाचा. थो मोजाचा नाही. माप कमी भरलं असं घेणाऱ्यानं म्हणू नये म्हणून."

मी टेबलावरून बोट उचललं. पस्तीस वर्षं खंडीमागे एक माप न मोजता देणारा हा माणूस, त्याने माझ्या बोटाची एकोणपन्नास वळणं धर्मादाय देऊन टाकली होती. एकोणपन्नास वेळा पापुद्रा ताणला गेला, साडेतीन हजार व्होल्ट सोसले, कोसा धरला, सोडला, आणि बाबांनी नुसती मान हलवली. नऊशे एकोणनव्वद अधिक एकोणपन्नास. एक हजार अडतीस.

"बाबा, झालं. हजाराच्या वर झालं."

"नाही झालं," बाबा म्हणाले.

"अहो, एकोणपन्नास तुम्ही मोजलेच नाहीत."

"वरतं मोजत नसते. वरतं देलं थे देलं. आता मोजून परत मागतेस का?"

"इथे कोणाला काही दिलंच नाही. हा धान नाही. बोट हललं म्हणजे हललं."

"मंग मले सकाळीच सांगाचं होतं, का वरतं धरा म्हणून. मोजून झाल्यावर कायदा बदलता येत नाही."

मी आवाज चढवला. त्यांनीही चढवला. शेजारीण दारात येऊन उभी राहिली, तिला वाटलं शेताची वाटणी चालली आहे.

मी सरांना फोन केला. मी काही लपवलं नाही. लॅपटॉप बंद पडला, वडिलांनी मोजलं, त्यांची पद्धत अशी आहे, आणि लाइन जाण्याच्या क्षणी दोन्ही आकडे असे जुळतात. मग सर म्हणाले की कुडो, खंडी, वरतं हे परीक्षक कुठून समजून घेणार. मी म्हटलं, समजावून सांगते, एका परिच्छेदात बसतं. ते म्हणाले, एका जागी जुळलं तो योगायोगही असेल, मला पुन्हा पुन्हा जुळलेलं पाहिजे. तुमचं मोजणारं साधन आधी तपासून दाखवा.

साधन म्हणजे बाबा.

दुसऱ्या दिवशी त्या डब्याला मी एक लहान दिवा जोडला, दहा सेकंदांनी लागणारा. लॅपटॉप मोजायला लावला, आणि बाबांना समोर बसवलं. लॅपटॉपची पाठ त्यांच्याकडे. खंडी पुरी होऊन वरतं पडलं की त्यांनी बोट वर करायचं, मी वेळ लिहायची. फोनवर सगळं रेकॉर्ड. बाबा कितीदा म्हणाले की पस्तीस वर्षांत एवढा अपमान झाला नाही, शेतकऱ्यानं नाही केला, व्यापाऱ्यानं नाही केला. पण बसले. दहा खंड्या झाल्या. लॅपटॉप दोनशे दहा. पुन्हा दहा. पुन्हा दोनशे दहा. तिसऱ्यांदा आईने मधेच चहा आणला, बाबांनी डावीकडे वळून कप घेतला, आणि मी म्हटलं आता गेलं. दोनशे दहा.

सरांनी ते व्हिडिओ दोनदा पाहिले असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "मोजणीची पद्धत अख्खी लिहा. एकही ओळ गाळू नका. आणि निरीक्षकाची सही घ्या." एवढंच. शाबासकी वगैरे काही नाही, ते त्यांच्या स्वभावात नाही.

सहीवर पुन्हा गाडं अडलं. कागदावर मी लिहिलं होतं, एकूण एक हजार अडतीस. बाबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, वाचला, खाली ठेवला. असल्या कागदावर ते सही करणार नाहीत, हा आकडा त्यांचा नाही. मुदतीला तीन दिवस उरले होते. मी विनवलं, चिडले, आई मधे पडली, आईवरही चिडले. शेवटी तो कागद फाडून दुसरा केला. त्यात लिहिलं: माझ्या मापाने एकोणपन्नास खंड्या नऊ. शिवाय प्रत्येक खंडीमागे एक वरतं, ते मी मोजलेलं नाही, पण टाकलेलं आहे. हे त्यांनी दोनदा वाचून घेतलं. मग शर्टाच्या खिशातून पेन काढून चौथीतल्या वळणदार अक्षरात सही केली. बेरीज मी माझ्या सहीने खालच्या ओळीत केली.

प्रबंध मुदतीच्या आदल्या दिवशी जमा झाला. सत्कारही झाला, शालीसकट, आणि कमिटीच्या एका माणसाने भाषणात सांगितलं की मुलीच्या यंत्राने हजाराच्या वर काम केलं. बाबा पहिल्या ओळीत बसले होते. ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर त्याला दुरुस्त केलं, नऊशे एकोणनव्वद. आजही कोणी विचारलं तर ते तेवढंच सांगतात, आणि मग लोक माझ्याकडे येऊन विचारतात की ताई, आकडा वाढवून लिहिला का तुम्ही?